हिवराखाली देव नव्हता

१२ जानेवारी २०२५
नांदूरघाट

दादा,

तू फोन उचलत नाहीस. वहिनी उचलते, पण ते रानात गेलेत, झोपलेत, मोबाईल चार्जिंगला आहे, यापलीकडे मला काही कळत नाही. म्हणून लिहायला बसले. तुझी सातवी झालेली आहे, वाचता तुला येतं. न वाचता फाडलंस तर ते तू ठरवून केलंस असं मी समजेन.

आधी कामाचं. येत्या नऊ एप्रिलला संस्कृतीला सहा वर्षं पूर्ण होतात, म्हणजे जूनमध्ये तिचं नाव पहिलीत घालायला हवं. जन्माच्या दाखल्याची प्रत सोबत ठेवली आहे. अंगणवाडीत होती याचा दाखला मीच देणार, त्यावर माझीच सही लागते. घर सोडून निघताना तू म्हणालास, "शिकून तुझ्यासारखी व्हायची असंल तर मला नको ती साळा." ते रागात म्हणालास असं मी धरून चालले आहे. तसं नसेल तर तसं कळव.

माझं म्हणणं तू ऐकून घेतलंच नाहीस. त्या दिवशी तू बाजारात होतास, आल्यावर लोकांनी सांगितलं तेवढ्यावर शेळ्या हाकल्यास आणि बायको-पोरीला घेऊन सासरवाडीला युसूफ वडगावला गेलास. म्हणून झालं ते ओळीने लिहिते.

एकोणीस डिसेंबर, गुरुवार. सकाळी साडेनऊला टॉवरलाइनवाले गायरानात आले. ग्रामसभेचा ठराव दिवाळीआधीच झाला होता, हे तुलाही माहीत होतं. अकरा झाडांवर तोडायची खूण म्हणून तांबडा पट्टा होता. संस्कृतीचा हिवर बारावा, अगदी कडेला. त्याच्यावर पट्टा नव्हता, पण तार त्याच्यावरून जाणार म्हणून त्यांच्या साहेबाने तोही तोडायला सांगितला. करवतवाले परजिल्ह्यातले होते. त्यांचा मुकादम म्हणाला, "देवाचं झाड असंल तर आदीच सांगा. आमी हात लावत न्हाई. लाइन वाईच सरकवा म्हनावं." पाच-सहा माणसं एकदम म्हणाली, देव आहे, देव आहे. साहेब हसला. म्हणाला, "यांच्या प्रत्येक झुडपात देव असतो. बाई, तुम्ही सरकारी माणूस. तुम्ही सांगा. आहे का?"

मी म्हणाले, नाही.

संस्कृतीने माझी ओढणी धरलेली होती.

झाडाखाली दगड नव्हता, शेंदूर नव्हता. मला जे विचारलं त्याचं मी खरं उत्तर दिलं. तू मला शाळेत घातलंस तेव्हा मी खोटं बोलायला शिकावं म्हणून घातलं नव्हतंस. याहून जास्त मला म्हणायचं नाही.

मायच्या गुडघ्याला आराम आहे. लोकांनी विचारलं की ती सांगते, बजरंग चाऱ्यासाठी तिकडे गेलाय. लोक बरं म्हणतात आणि माझ्याकडे बघतात.

बबिता


४ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर नाही. वहिनीने काल स्वतःहून फोन केला आणि हळू आवाजात विचारलं, "ताई, ही त्या झाडासंगं काय करायची वो नेमकं? मला तर काईच म्हाईत न्हाई." मला वाईट वाटलं, कारण आईला माहीत नव्हतं आणि मला होतं. माझ्या वहीत सगळं तारखेसह आहे. फोनवर सांगता येईना, म्हणून तिच्यासाठी लिहिते. तिला वाचून दाखव. तूही ऐक.

गेल्या जूनमध्ये ट्रेनिंगला सांगितलं होतं की मुलांना परिसराची ओळख करून द्या, प्रत्येकाला एक झाड निवडू द्या आणि मुलं काय करतात ते नोंदवा. दर शनिवारी मी चौदा मुलांना गायरानात न्यायला लागले. बहुतेकांनी वाटेतलं पहिलं झाड धरलं. एकाने बोर निवडली आणि बोरं संपल्यावर सोडून दिली. एका मुलीने एरंड धरला. मी म्हटलं, ते झाड नव्हे गं. ती म्हणाली, "मग काय हाय?" एरंड राहिला.

संस्कृतीने महिनाभर काहीच निवडलं नाही. प्रत्येक खोडाला तळहात लावायची आणि पुढे जायची. पाचव्या शनिवारी ती कडेच्या हिवराजवळ थांबली. तो पांढरट सालीचा, काट्यांचा, शेळ्यांच्या पाल्यासाठी अर्ध्या अंगाने डहाळून नेलेला. मी विचारलं, हाच का? म्हणाली, "त्याच्याकडं कुनीच न्हाई."

पहिले दोन आठवडे ती त्याच्यापासून चार हात लांब बसायची. मग सरकत गेली. मग शनिवारची वाट बघेना, रोजच जायला लागली. आपल्या वस्तीपासून दोन शेतं, तेवढं ती एकटी जायची. काटा टोचला तर त्याला चापट मारायची, आणि मी रागावले तर म्हणायची, "त्याला कळत न्हाई आजून, ल्हान हाय." तो आपल्या आज्याच्या वेळचा आहे. नवी चप्पल आणली ती आधी त्याला दाखवली. शेळी व्याली तेव्हा ओलं करडू उचलून घेऊन गेली, आणि तू तिच्या मागे शिव्या देत धावलास. पहिला दात पडला तो तिने मला नाही दाखवला, त्याच्या बेचक्यात ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी नव्हता तर म्हणाली, "खाल्ला त्यानं." घाबरली नाही. खूश होती.

काय बोलायची ते मी लपून ऐकलं आहे. ते बरं नव्हे, पण ऐकलं. दिवसभरात कोण कोणाला काय बोललं ते ती सांगायची. तुझं आणि वहिनीचं भांडण, माझी सुपरवायझर मॅडमनी केलेली कानउघाडणी, सगळं. मध्ये थांबायची. मग "हां" म्हणायची आणि पुढे सांगायची.

ऑगस्टमध्ये तू आकडी घेऊन हिवराचा पाला काढायला चढलास ते आठवतं का? ती बुंध्याशी आडवी झोपली. तू वरून ओरडत होतास आणि वस्तीवरचे म्हातारे हरिबा खाली हसत होते. म्हणाले, "बजरंग्या, आकडी ठेव बे खाली. मालकीन आलीया." मग तेच घरी जाऊन आपला शेंदराचा दगड घेऊन आले आणि हिवराच्या मुळाशी ठेवला.

वहिनीला आपल्याकडची ती रीत माहीत नसेल, तिच्या माहेरी तसं करत नाहीत. जे झाड डहाळून डहाळून वाळायला आलं, त्याच्याखाली हरिबा तो दगड ठेवतात. मग तीन वर्षं कुणी त्याला आकडी लावत नाही. झाड सावरलं की दगड उचलून दुसऱ्याकडे. हरिबांच्या आधी त्यांचा बाप हे करायचा. दगड एकच आहे. हरिबा म्हणतात, "ह्यो देव लई फिरस्ता हाय, घर बांधत न्हाई." हसत म्हणतात, पण दगड उचलताना पायातलं काढून ठेवतात.

वहिनीला सांग, ती जेवत नसेल तर तिला एकटीला दारात बसवून जेवायला दे, शेजारी कुणी बसू नका. तिला अर्धी भाकरी त्याच्यासाठी ठेवायची सवय आहे. ठेवू दे.

बबिता


१ मार्च

दादा,

पहिल्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नाही. लिहिली नाही म्हणजे लपवली. दोन महिने मला नीट झोप नाही, म्हणून आज लिहून टाकते.

दगड मी हलवला होता.

हरिबांनी नाही. माय सांगते की निघताना तू हरिबांच्या दारात जाऊन त्यांना नको ते बोललास, म्हातारपणी देव उचलून कुठं टाकलास म्हणालास. त्यांना माहीत होतं की मी हलवला, मी दगड ओढणीत घेऊन जाताना त्यांनी बघितलं होतं. तरी तुझं ऐकून घेतलं. त्यांच्याकडे जाऊन मी पाया पडून आले. म्हणाले, "जाऊ दे पोरी. तुजा भाऊ हाय, माजाबी पोरगाच हाय." तू एकदा त्यांना फोन कर. माझ्यासाठी नको, तुझ्यासाठी कर.

कावून हलवला, हे तू विचारशील. नोव्हेंबरमध्ये माझ्या लक्षात आलं की पोरं हिवराजवळ आली की चप्पल काढतात, हात जोडतात. एकाने उदबत्ती आणली. संस्कृतीसुद्धा हात जोडायची. आधी ती त्याला पाठ टेकून बसायची, आता समोर उभी राहायची. बोलेना. मी विचारलं, काय सांगितलंस आज त्याला? म्हणाली, "देवाला आसलं सांगत न्हाईत." मला ते सहन झालं नाही. तिचा सोबती गेला आणि तिथे देव येऊन बसला असं मला वाटलं. वहीत पुढे लिहिण्यासारखं काही राहिलं नव्हतं. म्हणून एका दुपारी दगड उचलून अंगणवाडीच्या पाण्याच्या टाकीमागे ठेवला. शेंदराचा डाग होता तो पाण्याने आणि नारळाच्या शेंडीने घासून काढला. आठ दिवसांत ती परत टेकून बसायला लागली.

माझं बरोबर होतं. हे मी आजही म्हणते. बरोबर होतं आणि त्याच्यामुळेच झाड गेलं. त्या दिवशी साहेबाने हरिबांना विचारलं, "देव आहे म्हणता, मग दाखवा." हरिबांनी बुंध्याशी बोट केलं आणि तिथे काही नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. सांगितलं नाही. दगड टाकीमागे, शंभर पावलांवर होता.

बबिता


१५ एप्रिल

दादा,

वहिनीचा फोन आला. संस्कृतीला ऊन लागलं, दोन दिवस सलाइन लावावं लागलं, हे मला आज कळतं. आठ दिवसांनी. आत्या लागते मी तिची.

वहिनी सांगत होती ते मला आधी समजलंच नाही. पोरगी सावलीत बसत नाही. शेळ्यांमागे गेली तर सगळे कडुलिंबाखाली बसतात, ही बांधावर उन्हात. ओढून आणलं तर हात चावते. घरात बसते, पत्र्याखाली चालतं, झाडाखाली नाही. वहिनीने मारलं. तुझ्या सासऱ्यांनी भगताकडे नेलं, त्याने अंगारा दिला. मग एकदा वहिनीने तिला पोटाशी धरून विचारलं तेव्हा बोलली, "मी ज्याच्याखाली बसते ते तोडत्यात."

मी हे वाक्य वहीत लिहिलं नाही. ती वही मी ट्रंकेत ठेवून दिली आहे.

चाळीसच्या वर पारा आहे. मेमध्ये अजून चढेल. तिला घरातून दुपारी सोडू नका. टोपी द्या, ओला रुमाल द्या. आणि जूनचं डोक्यात ठेव. वहिनी म्हणाली तिथल्या शाळेच्या अंगणात मोठा लिंब आहे आणि पोरं त्याच्याखालीच बसतात, जेवतात, म्हणून ती फाटकाच्या आतच जात नाही. तू म्हणालास म्हणे, "मग ऱ्हाऊ दे, शेळ्या राखंल." दादा, सहा वर्षांची पोर भर उन्हात शेळ्या राखेल आणि सावलीला जाणार नाही. याचा अर्थ काय होतो ते मी लिहीत नाही. तुला समजतं.

फोन ठेवताना वहिनी आणखी एक बोलली. मी विचारलं, माझं नाव काढते का? म्हणाली, "काढती की. म्हनती, आत्याला दिसला न्हाई देव. तिचा काय दोस."

मी येऊ का, एवढंच कळव.

बबिता


२५ मे

दादा,

तुझं कार्ड मिळालं. पाच महिन्यांत पहिलं. तू काय लिहिलंस ते मी इथे उतरवते, म्हणजे तुझ्या शब्दांत मी माझं काही घातलं असं होणार नाही.

"पोरगी सावलीला येत न्हाई. तू ये आन सांग का हिवराखाली देव व्हता, तोडायच्या आदी उठून गेलता. दुसऱ्या झाडात हाय म्हन. तुज्या तोंडून ऐकंल. मग साळंत घालतो. न्हाईतर न्हाई."

अक्षर अजून चांगलं आहे तुझं. माझ्यापेक्षा चांगलं. सातवीनंतर तू आकडी धरलीस आणि मी केजच्या वसतिगृहात गेले, ते तू मला कधी बोलून दाखवलं नाहीस. या कार्डातही नाही. पण मला ते दर ओळीत वाचता आलं.

मी दोन दिवस विचार केला. मायला कार्ड वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मग जा की. एवढी बुकं शिकलीस, येक खोटं बोलाया यीना व्हय तुला?" मी म्हटलं, माय, लहान लेकरू आहे, ते धरून ठेवतं. पुढे मोठं होऊन विचारेल. म्हणाली, "मोटं व्हायला जगाया तर पायजे." आणि तवा वाजवला, म्हणजे मी उठावं.

मी येणार आहे. पण त्याआधी एक लिहायचं आहे, कारण एकदा खोटं बोलल्यावर मला हे लिहिण्याचा हक्क राहणार नाही.

त्या दिवशी मी "नाही" म्हणाले ते फक्त खरं होतं म्हणून नाही. खरं तर होतंच. पण साहेबाने आधी म्हटलं होतं, "बाई सांगतील तेच मी धरीन. बाई खोटं बोलणार नाहीत." पन्नास माणसं उभी होती. त्यात देवळातल्या पंक्तीत आपल्याला शेवटी बसवणारे होते. आपल्या घरातल्या कुणाच्या शब्दावर आजवर तलाठ्याने सही केलेली नाही, दादा. आपल्या वडिलांची, अण्णांची, शेळी चोरीला गेली तेव्हा त्यांनीच विकली असेल, असं लोक म्हणाले. आणि हा शहरातला माणूस पन्नास जणांत म्हणतो, बाई सांगतील तेच. मला त्या एका क्षणी फार बरं वाटलं. ओढणीला हात आहे हे मला कळत होतं. हो म्हटलं असतं तर तार दहा हात सरकली असती. मी ते बरं वाटणं सोडलं नाही. मी मोठ्याने नाही म्हणाले, मागच्यांनाही ऐकू जावं म्हणून.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तू मायला सांगू नकोस.

आठ जूनला, रविवारी, दुपारच्या एसटीने येते. जन्माचा मूळ दाखला घेऊन येते.

बबिता


१९ जून

दादा,

नाव घातल्याचं वहिनीने कळवलं. सोमवारी शाळा उघडली, पहिल्याच दिवशी ती गेली, लिंबाखाली बसली, खिचडी खाल्ली. तू शब्द पाळलास. मीही पाळला.

रविवारचं तुला माहीत आहे, तू दारातच होतास. पण शेवटचं तुला ऐकू गेलं नाही, तू बाहेर पिचकारी टाकायला गेला होतास, म्हणून लिहिते.

ती गोठ्याच्या भिंतीकडेला, जिथे पत्र्याचीही सावली पडत नाही, तिथे बसली होती. गालाची साल निघालेली. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. वाटेत मी सगळं पाठ केलं होतं.

म्हणाले, "संस्कृती, हिवराखाली देव होता गं."

"खरं?"

"खरं."

"मग कुटं गेला?"

"उठून गेला. तोडायच्या आधीच."

"झाडाला सांगून गेला?"

हे मी पाठ केलं नव्हतं. म्हणाले, "हो. सांगून गेला."

"मग झाड काय म्हनलं?"

"जा म्हणालं."

तिने बराच वेळ जमिनीत काडी फिरवली. मग उठली, तुमच्या दारातल्या लिंबाकडे गेली, तळहात लावला आणि खाली बसली. पाठ टेकून. वहिनीने पदर तोंडाला लावला. तू मला म्हणालास, "बगितलं का? एवड्यासाठी सा महिनं." आणि बाहेर गेलास.

मी पाणी प्यायला उठले तर तिने हाक मारली.

"आत्या, तुला ठाव व्हतं?"

"काय गं?"

"देव हाय त्ये."

मला वाटलं, इथवर आलेय तर आता मागे कसं जायचं. म्हणाले, "हो."

"मग सायबाला न्हाई कावून म्हनलीस?"

दादा, मी चार परीक्षा पास झालेली आहे. खरं उत्तर मी दहा मिनिटांपूर्वीच माझ्या हाताने बुजवलं होतं. दुसरं उत्तर तुला मेमध्ये लिहिलं, ते सहा वर्षांच्या मुलीला कसं सांगायचं?

म्हणाले, "चुकले गं."

तिने मान हलवली. रागावली नाही. मी हजेरी घेताना एखाद्या नावात चुकले की ती जशी सुधारायची, तसंच म्हणाली, "चुकून न्हाई. तू जोरात म्हनलीस."

इतके दिवस तिच्या लेखी मला देव दिसला नव्हता, म्हणून माझा दोष नव्हता. आता तिच्या लेखी मला तो दिसत होता आणि तरी मी झाड तोडायला दिलं. हे मीच तिला जाऊन सांगून आले. तिकिटाचे पैसे घालून.

तू हे पुढचं ओळखून होतास का, असं एसटीत माझ्या मनात आलं. शेळी कुठे तोंड घालणार हे तुला चार पावलं आधी कळतं. तुझ्यावर आरोप करत नाही. मनात आलं ते लपवलं असं व्हायला नको, म्हणून लिहिलं.

काल मी शाळेवर गेले होते. तुला विचारलं नाही. केजला मीटिंग होती, ती लवकर संपली आणि मी उलट्या दिशेच्या गाडीत बसले. मधल्या सुट्टीची वेळ होती. फाटक उघडंच होतं. पोरं लिंबाभोवती पकडापकडी खेळत होती आणि ती त्यांच्यात होती, वेणीची रिबीन सुटलेली, हसत होती. किती महिन्यांनी मी तिला हसताना बघितलं. मी हाक मारली नाही, नुसती दोन पावलं आत आले.

तिने मला बघितलं आणि खेळ सोडून पळाली. माझ्याकडे नाही, लिंबाकडे. बुंध्याला पाठ लावून उभी राहिली आणि दोन्ही हात पसरले. तो लिंब तिच्या चारपट रुंद आहे, तिचे हात त्याला कुठे पुरतात. माझ्यावरची नजर तिने काढली नाही. दुसरी एक मुलगी तिला ओढायला आली, तिला तिने कोपराने ढकललं. वर्गातून बाई बाहेर आल्या, म्हणाल्या, "कोण पाहिजे आपल्याला?" मी म्हटलं, कुणी नाही. चुकून आले.

मी फाटकाबाहेर आले. रस्त्याच्या वळणावर वळून बघितलं, ती तशीच होती. आणखी पुढे गेले, किराणा दुकानाच्या आडोशाला उभी राहून बघितलं. तेव्हा कुठे तिने एक हात खाली घेतला.

बबिता